अस्तबलाची तरतूद

आमच्या सारांनी उभ्या आयुष्यात घोड्याला एकदाच हात लावला, आणि तोही चुकून. एरवी घोडा दिसला की ते रस्ता ओलांडून पलीकडे जात. वरातीत नवरदेव घोडीवर असेल तर सार पार शेवटी, जनरेटरच्या गाडीमागे चालत. धूर नाकात गेला तरी चालेल, पण घोडीशी नजरानजर नको. आणि याच माणसाने निवृत्तीचे जवळजवळ सगळे पैसे खासगी अस्तबल बांधण्या-चालवण्यात घातले. हे कुणाला खोटं वाटेल. मला तर ते डोळ्यांसमोर घडत असतानाही खोटंच वाटत होतं.

'सार' हे काही त्यांचं नाव नव्हे. आदिलाबादेत ऑफिसातल्या वरच्या माणसाला तेलुगू लोक सार म्हणतात, आणि त्यांचं ऐकून आम्ही मराठी माणसंही म्हणतो. सार बांधकामाच्या एका सरकारी कचेरीत एस्टिमेट सेक्शनला होते आणि मी त्यांच्या समोरच्या टेबलावर. शाळेची खोली, अंगणवाडीचं छप्पर, पुलाचा कठडा, जे काही बांधायचं असेल त्याचं अंदाजपत्रक त्यांच्या हाताखालून जाई आणि जाताना बारीक होऊन जाई. समोर बसलेला गुत्तेदार घाम पुसत असे आणि सार शांतपणे त्याच्या सिमेंटच्या गोण्या कमी करत असत. गुत्तेदार त्यांना मनातल्या मनात काय म्हणत ते मला चांगलं माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांचा सगळा संसार एका शब्दावर उभा होता: तरतूद. शिपाई येऊन म्हणाला, "सार, पोराले ताप आला, लवकर जातो," तर सार टेबलावर उजव्या हाताचा पंजा थोपटून विचारत, "तरतूद हाय का?" म्हणजे औषधाला पैसे आहेत का. नसतील तर गुपचूप खिशातून काढून देत आणि वर त्याला 'आकस्मिक खर्च' असं नावही देत. पंजा थोपटल्याशिवाय त्यांच्या तोंडून तरतूद हा शब्द निघतच नसे. चहाच्या टपरीवर टेबल नसे, तेव्हा ते स्वतःची मांडी थोपटत.

मुलीच्या लग्नाचं त्यांनी केलेलं अंदाजपत्रक आमच्या कचेरीत बरेच दिवस फिरत होतं. त्यात एक बाब होती, 'रुसणारे नातेवाईक, ठोक रक्कम'. लग्न इतकं नीट पार पडलं की दुपारपर्यंत कुणीच रुसलं नाही. सार अस्वस्थ झाले. मंजूर केलेली रक्कम पडून राहणं त्यांना सहन होत नसे. शेवटी त्यांनी एका चुलत मेव्हण्याला मुद्दाम मागच्या पंगतीत बसवलं, तो रीतसर रुसला, त्याला रीतसर टॉवेल-टोपी देऊन समजावलं, आणि मगच सार जेवायला बसले.

अस्तबलाचं अंदाजपत्रक त्यांनी निवृत्तीच्या आधीची काही वर्षं जेवणाच्या सुट्टीत केलं. डबा खाऊन झाला की हात धुऊन बसायचे. त्याचे दोन भाग होते, उभारणी आणि चालवणी. "बांधणं कोनालेही जमते," ते मला सांगत. "चालवणं माणसाले खाते. लग्नाचंही तसंच हाय." उभारणीत पाया, उतार दिलेली फरशी, मूत वाहून जायला नाली, गव्हाण, पाण्याचं टाकं, वारा खेळायला वरती झरोके. चालवणीत ज्वारीचा कडबा, भिजवायचा हरभरा, कोंडा, खरारा, नालबंदाची मजुरी, औषधपाणी. पुढे पुढे बाबी मोकाट सुटल्या. 'घोडा बिथरल्यास भिंतीची दुरुस्ती.' 'शेजाऱ्यांची नाराजी, ठोक.' 'पत्नीची नाराजी' ही बाब मात्र त्यांनी दर वर्षी वाढत जाणारी धरली होती.

मी एकदा म्हणालो, "सार, अस्तबल काऊन लिवता? तबेला लिवा ना, कोनालेही कळन."

"तबेला म्हशीचा असते."

"मंग पागा?"

"पागा राजाची. म्या काय राजा हाव? अस्तबलच लिवीन." हा जुन्या निजामी दफ्तरातला शब्द त्यांनी असा धरून ठेवला होता की मला ती त्यांच्या अनेक लहरींपैकी एक वाटली. मी फार विचार केला नाही.

निवृत्त झाल्यावर ते तलमडुगुकडच्या एका गावात राहायला गेले. त्यांची बायको तिथल्या मराठी शाळेत शिक्षिका होती. गाव तिला बाई म्हणे, म्हणून मीही बाईच म्हणतो. घरामागच्या जागेत अस्तबल उभं राहिलं, आणि खरं सांगायचं तर ते आमच्या कचेरीने बांधलेल्या कुठल्याही शाळेपेक्षा चांगलं झालं होतं. एक तर गुत्तेदार नव्हता, आणि दुसरं म्हणजे सारांनी या एकाच कामात काही कापलं नव्हतं. उद्घाटनाला गावातली मंडळी जमली, पेढे आले, रिबीन बांधली गेली. बाईंनी कात्री हातात घेतली, आत पाहिलं, आणि शाळेत विचारतात तशा आवाजात विचारलं, "आन घोडा?"

सारांचा चेहरा पांढरा पडला. मग ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "घोडा परचेसचा विषय हाय. आपल्या सेक्शनले येत नाही."

आणि ते खरंच होतं. सगळी नोकरी त्यांनी बांधकामाची आणि देखभालीची अंदाजपत्रकं केली होती. शाळा बांधायला किती आणि चालवायला किती, एवढंच त्यांना ठाऊक. पोरं कुठून आणायची हा प्रश्न एस्टिमेट सेक्शनला कधी पडत नाही. इतक्या वर्षांत इतक्या बाबी लिहिल्या, त्यात घोडा ही बाब राहून गेली होती. बरं, मीसुद्धा ते अंदाजपत्रक शेकडो वेळा पाहिलं होतं. मलाही ते दिसलं नाही, कारण मीही त्याच सेक्शनचा.

मी सुचवलं, "चालवणीचे पैसे बँकेत पडून हायेत ना, त्यातून घ्या एक घोडा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना दरोडा घालायला सांगितलं. "एका हेडाचा पैसा दुसऱ्या हेडाले लावू?" एवढंच म्हणाले आणि दोन घास कमी जेवले.

पण चालवणी उद्घाटनाच्या दिवसापासून सुरू होणार असं लिहिलेलं होतं, म्हणून ती सुरू झाली. घोडा नसलेल्या अस्तबलात सार रोज सकाळी झाडू मारत, टाकं भरत, गव्हाणीत भिजवलेला हरभरा टाकत. संध्याकाळी तो हरभरा शेजारच्या बकऱ्या खात. महिन्याला कडबा येई. गावातली माणसं येता-जाता विचारत, "सार, घोडा काय म्हणते?" सार गंभीरपणे उत्तर देत, "चारा संपवला त्यानं."

या अवस्थेत पंचायतीची भर पडली. पंचायतीची सेक्रेटरी एक नवी, कामसू तेलुगू मुलगी होती. गावातल्या सगळ्या संस्थांची नोंद करायचं तिच्याकडे काम आलं. तिने सारांना फोन केला, घरामागे काय बांधलंय म्हणून. सार ठणकावून म्हणाले, "खासगी अस्तबल." हा शब्द तिने जन्मात ऐकलेला नव्हता. तेलुगूत हॉस्पिटलला आसुपत्री म्हणतात आणि इथली मराठी माणसं अस्पताल म्हणतात हे तिला माहीत होतं. म्हाताऱ्या माणसांचे उच्चार असेच असतात असं समजून तिने तो मोठ्या मनाने सुधारून घेतला. पुढच्या आठवड्यात पंचायतीचा माणूस येऊन निळा पत्र्याचा बोर्ड ठोकून गेला. वर तेलुगूत आणि खाली मराठीत: खासगी अस्पताल.

दुसऱ्या दिवशी गुडघे धरलेली एक म्हातारी येऊन फरशीवर बसली. सारांना काय करावं कळेना. त्यांनी तिला टाक्यातलं पाणी दिलं आणि घरातून चहा आणला. झरोक्यातून छान वारा येत होता. म्हातारी तिथे दुपारभर झोपली आणि उठून म्हणाली, "लय आराम पडला, डाक्टर." मग तिने जावेला पाठवलं. जावेने नणंदेला पाठवलं. मी एका रविवारी मोटरसायकलवर गेलो तर अस्तबलात चार बाया भिंतीला टेकून बसलेल्या आणि सार दारात खुर्ची टाकून हवालदिल.

त्या गेल्यावर मी म्हणालो, "सार, हे निस्तरा. सेक्रेटरीले सांगा, शब्द चुकला म्हणून. उद्या कोनी तपासाले आलं तर डाक्टर म्हणून तुमाले घेऊन जातीन."

सार बोर्डाकडे बघत बसले. मग हसले, आणि ते हसू मला नवीन होतं.

"माहा बाप देशमुखाच्या घोड्याचा चाकर होता," ते म्हणाले. "खरारा करे, चारा टाके, अन तिथंच झोपे. मायलेही तिथंच ठेवे, काऊन का घोड्याले छप्पर होतं म्हणून आमाले होतं. म्या तिथंच झालो. गव्हाणीपाशी. चालता याले लागलो तं माय सारखी मागं वढे, घोडं लाथ मारन म्हणून. ते भेव अजून गेलं नाही माहं."

मी गव्हाणीकडे पाहिलं.

"म्या नोकरीले लागलो. घरी लोक येत, मायले इचारत, पोरगं कुठं झालं वं? ती म्हणे, अस्पतालात. गावात तवा अस्पताल होतं कुठं? पण शब्द जवळचा होता. लबाड बोलल्यासारखं तिले वाटेना." त्यांनी मांडी थोपटायला हात उचलला आणि तसाच ठेवला. "तिले त्या जागेची लाज वाटे. अन मले तिच्या लाजेची लाज वाटे. म्हणून म्हटलं, आपून एक अस्तबल बांधाव. चांगलं. सारी तरतूद असलेलं. त्याच्यावर अस्तबल लिवाव, अन कोनी इचारलं तं हात धरून दाखवाव. आता हा बोर्ड पाह्य. माय जित्ती असती तं म्हणली असती, पाह्य, म्या लबाड नव्हती बोलत."

मला त्या क्षणी त्यांची फार माया वाटली आणि स्वतःचा राग आला, कारण इतकी वर्षं मी त्या शब्दाला लहर म्हणत होतो. "राहू दे थोडे दिवस," ते बोर्डाला उद्देशून म्हणाले, आणि आम्ही चहा प्यायला घरात गेलो.

घोडी आली ती त्यानंतरच्या लग्नसराईत. भैंसा गावचा एक बँडवाला होता. त्याच्याकडे वरातीची एक पांढरी घोडी होती, नाकाजवळ थोडी गुलाबी, वयाने उतरलेली. आमच्याच कचेरीतल्या एका पोराच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर ती नाचता नाचता मागच्या पायावर घसरली आणि नवरदेवासकट बसली. नवरदेवाला काही झालं नाही, फेटा तेवढा गेला. घोडी उठली ती तीन पायांवर. बँडवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "खतम हो गई ये. कल बैपारी कू दे डालता." म्हाताऱ्या जनावरांचा तो बैपारी सगळ्यांना माहीत होता. तो जनावरं कुठे नेतो हे मात्र कुणी विचारत नसे, कारण तेही सगळ्यांना माहीत होतं.

सार नेहमीप्रमाणे जनरेटरमागे होते. तिथून ते चालत पुढे आले. घोडीच्या एवढ्या जवळ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तरी हातभर अंतर राखूनच ते बँडवाल्याला म्हणाले, "बेचो मत. भरती करो."

"किधर?"

"मेरा खुद का अस्पताल है. पंचायत का बोर्ड है उसपे."

"पैसे नै हैं सार मेरे पास."

"भरती होने कू पैसे नहीं लगते," सार म्हणाले. "छुट्टी देते वखत लगते."

मी तोंडात रुमाल कोंबला. पण सार बिलकुल हसत नव्हते. परत येताना ते मला समजावून सांगत होते की आता परचेसचा प्रश्नच मिटला. घोडा विकत घ्यावा लागतो आणि त्याला तरतूद लागते. पेशंट कुणी विकत घेत नसतं. चालवणीचे पैसे चालवणीलाच लागतील आणि एका पैशाचा हेड बदलणार नाही. त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की वाद घालायची माझी छाती झाली नाही.

घोडी आली आणि गुडघ्यांच्या बायांनी सरकून तिला जागा दिली. गुरांचा डॉक्टर येऊन गेला. पाय जागेवर येईल म्हणाला, पण पाठीवर माणूस घेऊन हिला पुन्हा नाचवाल तर संपेल. सार रोज खुर्चीत बसून लांबून तिची चौकशी करत. खरारा मात्र बाई करत. 'पत्नीची नाराजी' ही वाढती बाब पहिल्या महिन्यातच शिलकीत जाऊ लागली. बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच असा विद्यार्थी मिळाला होता जो उलट बोलत नव्हता.

पुढची लग्नसराई तोंडावर आली तसा बँडवाला टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. मी तेव्हा तिथेच होतो. घोडी चार पायांवर उभी बघून त्याला खरा आनंद झाला. माणूस वाईट नव्हता, त्याचंही पोट होतं. "ले जाता सार. बुकिंग आ गए," तो म्हणाला आणि दावं सोडायला लागला.

बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण घोडी त्याची, त्याला नाही कसं म्हणणार? मी सारांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठले, आत गेले आणि बिल घेऊन आले.

ते बिल म्हणजे अंदाजपत्रकातली चालवणी होती, शब्दशः. कडबा, हरभरा, कोंडा, पाणी, झाडलोट, औषधं, जागेचं भाडं, झरोक्यांची निगा, आणि खाली 'शेजाऱ्यांची नाराजी, ठोक'. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या गोण्या कापल्या, त्याने या बिलात मूठभर कोंडाही सोडला नव्हता.

बँडवाल्याने ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. "सार, ऐसे तीन घोड्या आते इत्ते में."

"छुट्टी पाहिजे तर भरना पडता."

"और नहीं भरा तो?"

"तो पेशंट इधरच रहता." आणि मग, सवयीने, "तुमारे पास तरतूद है क्या?" असं विचारत सारांनी पंजा थोपटला. समोर टेबल नव्हतं. घोडी होती.

पंजा तिच्या पाठीवर पडला. आम्ही सगळे थिजलो. सार सगळ्यांत जास्त थिजले. त्यांचा हात तिथेच राहिला, उचलायचं धाडस त्यांना होईना. घोडीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, फुर्र केलं आणि पुन्हा गव्हाणीत तोंड घातलं. बऱ्याच वेळाने सारांची बोटं तिच्या केसांत थोडीशी हलली.

बँडवाल्याने दावं हातातून खाली टाकलं. "रखो सार तुमेच," तो म्हणाला. "अस्पताल इत्ता महंगा, घोडी कू मालूम रहता तो गिरतीच नै." बाईंनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. सारांनी ते जेवण आकस्मिक खर्चात टाकलं.

सार गेले त्या गोष्टीला आता फार दिवस झाले नाहीत. दुपारची वेळ होती. बाई चहा घेऊन आल्या तर ते अस्तबलात खुर्चीवर होते, मान एका बाजूला, आणि घोडी उभी. मुलगी नागपूरला बँकेत आहे. तिने रडत रडत सगळ्यांना फोन केले, आणि बाबा कुठे गेले असं विचारल्यावर प्रत्येकाला सांगितलं, अस्पतालात. तिचंही चुकलं म्हणता येत नाही. बोर्ड तसाच आहे.

गावातल्या बुद्धविहारात पुण्यानुमोदनाच्या सभेला बरीच माणसं होती. घोडीचं आता काय करणार असं मी बाईंना हळूच विचारलं. "काय करनार? चालवणीत हाय ती," त्या म्हणाल्या. मग भाषणं सुरू झाली. मुलीच्या लग्नात मागच्या पंगतीत बसवलेला तो चुलत मेव्हणा बोलायला उभा राहिला. सारांच्या काटकसरीबद्दल, शिस्तीबद्दल तो बरंच चांगलं बोलला आणि शेवटी म्हणाला, "अशा या थोर माणसानं अस्पतालात शेवटचा श्वास घेतला."

"अस्पतालात नाही," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

मेव्हणा थांबला.

बाई उठल्या. पदर नीट केला. "अस्तबलात गेले. सोताच्या अस्तबलात. जलमलेही अस्तबलातच होते."

सभेत जरा चुळबुळ झाली. मुलीने आईचा हात धरला. मेव्हण्याला वाटलं आपलं ऐकण्यात काही चुकलं, म्हणून तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "हो हो, तेच म्हणतो मी. अस्पताल."

"अस्तबल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वर्गातला होता. "म्हणा."

"अस्तबल," मेव्हणा म्हणाला.

"मोठ्यानं."

तो मोठ्याने म्हणाला. मग मागे बसलेल्या गुडघ्यांच्या बाया म्हणाल्या, पंचायतीची सेक्रेटरी म्हणाली, सारांची मुलगी म्हणाली, आणि शाळेतल्यासारखे आम्ही सगळेच म्हणालो.